सफरचंदाचा हिशेब आणि ग्रीन कार्डची रांग

पत्र :
"ताई, आम्ही सिअॅटलजवळ बॉथेलला राहतो. मुलगा अकरावीत आहे आणि शाळेच्या डिबेट टीममध्ये आहे. या वेळचा विषय आहे, बाहेरच्या देशांतून येणाऱ्या शेतमजुरांमुळे वॉशिंग्टन राज्याच्या अर्थव्यवस्थेचं भलं होतं की नुकसान. दोन्ही बाजूंनी तयारी करायची असते. त्याने जेवताना विषय काढला आणि घरात भडका उडाला. माझ्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड अकरा वर्षं अडकलंय. तो म्हणाला, 'आम्ही टॅक्स भरायचा, दर तीन वर्षांनी व्हिसाचे कागद करायचे, आणि सीमेवरून घुसलेल्यांचं कौतुक ऐकायचं?' मुलगा म्हणाला, 'बाबा, तुमच्या डब्यातलं सफरचंद कुणी तोडलं?' नवरा ताटावरून उठला. दोन आठवडे झाले, दोघं कामापुरतं बोलतात. मला यातले आकडे कळत नाहीत. दोघांत कोण बरोबर आहे? आणि मी मध्ये पडू का? धाकटी बहीण समजून सांगा."

उत्तर :
धाकटी बहीण म्हणालीस, म्हणून सरळ 'तू'च म्हणते. तुझं पत्र वाचून मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. हसू यासाठी, की हे सदर लिहायला लागण्याआधी मी नऊ वर्षं याकिमाजवळ एका फळांच्या पॅकिंग शेडमध्ये हिशेब लिहीत होते. तुझ्या जेवणाच्या टेबलावर जे भांडण झालं, ते आमच्या ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी रोज व्हायचं. फरक एवढाच, की तिथे भांडणाऱ्यांचा पगार त्याच सफरचंदातून निघायचा.

आधी मुलाचा प्रश्न घेते, कारण तो वाटतो तितका उर्मट नाही. सफरचंद कुणी तोडलं?

देशात पिकणाऱ्या दर तीन सफरचंदांपैकी जवळपास दोन आपल्या राज्यातली असतात. धंद्यात मोजमाप ४० पौंडांच्या खोक्यात करतात, आणि बऱ्या वर्षी ताज्या फळाची १० ते १३ कोटी खोकी भरतात. त्यातलं बहुतांश फळ आजही हातानेच तोडलं जातं. यंत्रमानवांचे प्रयोग चालू आहेत, मी स्वतः एक पाहिलाही आहे. छान दिसतो तो. पण हनीक्रिस्प जातीचं सफरचंद तोडताना काय करावं लागतं ते बघ. छातीला बांधलेली कॅनव्हासची पिशवी, शिडीवर उभं राहून फळ हलकेच वर वळवून सोडवायचं, मग छोट्या कात्रीने त्याचा देठ बुडापाशी छाटायचा. देठ राहिला तर तो शेजारच्या फळात घुसतो, आणि ते फळ कोल्ड स्टोरेजमध्ये महिन्याभरात डागळतं. पिशवी भरली की बिनमध्ये, म्हणजे बागेतल्या मोठ्या पेटाऱ्यात, वाकायचं, पिशवीचा तळ सोडायचा, फळं ओघळली पाहिजेत, आपटता कामा नयेत. एका बिनमध्ये साधारण ९०० पौंड माल बसतो. शिवाय सगळं झाड एकदम उतरवत नाहीत. रंग चढेल तसं दोन-तीन फेऱ्यांत उतरवतात. मजूर या कामाला 'पिस्का' म्हणतात. मेक्सिकोतल्या बोलीतला शब्द आहे, आणि आमच्या शेडमध्ये गोरा फोरमनसुद्धा तोच वापरायचा.

हे काम करायला इथली माणसं का येत नाहीत, असं तुझा नवरा विचारेल. विचारू दे. नियम असा आहे, की एच-टू-ए, म्हणजे हंगामी शेतमजुरांच्या, व्हिसावर मजूर आणायचा तर बागवाल्याला आधी इथल्या माणसांसाठी जाहिरात द्यावी लागते. हंगाम अर्धा सरेपर्यंत कुणी पात्र स्थानिक माणूस दारात आला, तर त्याला काम द्यावंच लागतं. माझ्या नऊ वर्षांत असे आलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातले बरेचसे पहिल्या आठवड्यात गेले.

एच-टू-ए काही स्वस्तातला मामला नाही, हेही त्याला सांग. २०२४ साली आपल्या राज्यात या मजुरांना तासाला किमान १९.२५ डॉलर द्यावे लागत होते, तेव्हा राज्याचं किमान वेतन १६.२८ होतं. वर राहायची सोय फुकट, गावाहून येण्या-जाण्याचा खर्च मालकाचा, आणि कबूल केलेल्या तासांपैकी तीन चतुर्थांश तासांचं काम मिळेल याची हमी. चार दिवस पावसात गेले, तरी हमी सुटत नाही. इतकं महाग असूनही राज्यातल्या अशा मंजूर जागा २०१० च्या सुमारास ३ हजारांच्या आसपास होत्या, त्या आता ३० हजारांच्या पुढे गेल्या. माणूस मिळत असता तर कुठला बागवाला इतके कागद रंगवेल?

आता नवऱ्याच्या बाजूने बोलते, कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि घरात ते कुणी ऐकून घेतलेलं दिसत नाही.

मी हिशेबनीस. 'राज्याचं भलं' असं एकच खातं मला कुठे सापडत नाही. जमा एकाच्या खात्यात पडते, खर्च दुसऱ्याच्या. जे मजूर कागदपत्रांशिवाय आहेत (आणि देशभरात पिकांवर काम करणाऱ्यांपैकी साधारण चाळीस टक्के तसे आहेत), त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनचे आणि औषधोपचाराचे पैसे, कापले जातात. सोशल सिक्युरिटीचा नंबर त्यांचा नसतो, पैसे मात्र खरे असतात. ते वॉशिंग्टन डीसीला जातात आणि म्हातारपणी यांना त्यातला छदाम मिळत नाही. म्हणजे फेडरल तिजोरीला फायदा. त्यांच्या मुलांच्या शाळेचा खर्च मात्र राज्याचा आणि त्या गावाचा. १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कुठल्याच मुलाला कागदांवरून सरकारी शाळेचं दार बंद करता येत नाही, आणि ते योग्यच आहे, पण बिल कुणीतरी भरतं. आपल्या राज्याच्या सर्वसाधारण निधीतला चाळीस टक्क्यांहून जास्त खर्च शाळांवर होतो. २०१६ साली नॅशनल अॅकॅडमीज या विज्ञानसंस्थेचा मोठा अहवाल आला होता, त्यातही हेच निघालं : पहिल्या पिढीचा बोजा राज्यांवर आणि गावांवर पडतो, मुख्यतः मुलांच्या शिक्षणापायी. आणि हीच मुलं मोठी झाली, की कर भरण्यात ती देशातल्या सगळ्यांत पुढच्या गटात असतात. तुझ्या मुलाला हा अहवाल दोन्ही बाजूंनी वापरता येईल. डिबेटवाल्याला अशी वस्तू क्वचित मिळते.

आपल्या राज्याची आणखी एक गंमत. इथे पगारावर राज्याचा आयकर नाही. राज्य चालतं मुख्यतः विक्रीकरावर, धंद्यावरच्या करावर आणि मालमत्ता करावर. टायर घेतला, चपला घेतल्या, की कर भरलाच. घरभाड्यातून घरमालकाचा मालमत्ता करही भरला. तिथे कागद कुणी विचारत नाही. तेव्हा 'ते टॅक्स भरत नाहीत' हे वाक्य नवऱ्याने निदान या राज्यात तरी वापरू नये. 'एच-टू-ए वाल्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापत नाहीत' हे मात्र खुशाल म्हणावं, ते खरं आहे. त्यांना आणि त्यांच्या मालकांनाही त्यातून सूट आहे.

आणि स्थानिक मजुराचं नुकसान होतच नाही, असंही तुझ्या मुलाने समजू नये. याकिमा काउंटीतल्या सनीसाइडच्या एका मशरूम फार्मने तिथे वर्षानुवर्षं राबणाऱ्या स्थानिक कामगारांना, त्यातल्या बहुतेक बायका, काढून त्यांच्या जागी एच-टू-ए वर पुरुष आणले. राज्याच्या अॅटर्नी जनरलनी खटला भरला आणि २०२३ साली ३४ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या बायकांतल्याही बऱ्याच जणी बाहेरच्या देशांतूनच आलेल्या, फक्त आधी आलेल्या. नव्या मजुराचा धक्का सगळ्यांत आधी जुन्या मजुराला बसतो. बॉथेलच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला तो बसत नाही.

आता व्यापाराचं, कारण मला या विषयात खरा रस तिथे आहे आणि तुझ्या घरातल्या भांडणात तो मुद्दा आलेलाच दिसत नाही.

२०१८ साली अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या पोलाद आणि अॅल्युमिनियमवर जादा शुल्क लावलं. सफरचंदाचा पोलादाशी काय संबंध? काही नाही. पण ज्या देशांना ते झोंबलं, त्यांनी उलट शुल्क लावताना अमेरिकेचा शेतमाल निवडला. मेक्सिकोने जून २०१८ मध्ये आपल्या सफरचंदांवर २० टक्के लावले, ते पुढच्या वर्षी मे महिन्यात उठले. भारताने जून २०१९ मध्ये आधीच्या ५० टक्क्यांवर आणखी २० चढवले, एकूण ७०. आपल्याकडच्या फळगाड्यांवर 'वॉशिंग्टन' असा स्टिकर लावलेलं लालभडक रेड डिलिशस तू लहानपणी पाहिलं असशील. ते याच राज्यातलं. भारत तेव्हा आमचा दुसऱ्या नंबरचा परदेशी गिऱ्हाईक होता, वर्षाला १२ कोटी डॉलरच्या घरात माल जायचा. २०२३ पर्यंत तो जवळजवळ शून्यावर आला. तुर्की आणि इराणच्या मालाने ती जागा घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने ते २० टक्के काढले, पण गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभं राहत नाही.

त्या काळात मी शेडमध्येच होते. जे फळ मुंबईला जायचं ते इथेच पडून राहिलं. रेड डिलिशस इथल्या लोकांना फारसं आवडत नाही, त्यामुळे भाव पडला. काही बागांत तर तोडणीची मजुरी फळाच्या भावापेक्षा जास्त झाली आणि झाडं तशीच सोडून दिली. एका म्हाताऱ्या बागवाल्याने आपली रेड डिलिशसची झाडं मुळासकट उपटून काढली. मला म्हणाला, "तुझ्या देशाने माझी बाग खाल्ली." मी म्हटलं, "माझ्या कुठल्या देशाने?" तो हसला नाही.

यात मजुराचं काय झालं बघ. बाजार बंद झाला की आधी बिन कमी होतात, मग क्रू कमी होतो, मग पॅकिंग लाइनची दुसरी पाळी, मग ट्रक, मग पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. आणि उलट बाजूने आलीस तरी तेच. तोडायला माणूस नसेल तर परदेशातून आलेली ऑर्डर कागदावरच राहते. आमचा सगळ्यांत मोठा परदेशी गिऱ्हाईक मेक्सिको, आणि आमचे बहुतेक मजूरही मेक्सिकोचेच. त्याच देशाला एका सोमवारी गिऱ्हाईक म्हणून खूश ठेवायचं आणि त्याच सोमवारी त्याच्या माणसांवर दात-ओठ खायचे, हे आमच्या शेडच्या मालकाला कधी जमलं नाही. मत तो कुणाला द्यायचा ते मात्र विचारू नकोस.

तुझ्या मुलाला एक उदाहरण हमखास दे : अॅस्परॅगस या कोवळ्या कोंबांच्या भाजीचं. १९९० च्या सुमारास या राज्यात अॅस्परॅगसखाली तीसेक हजार एकर जमीन होती. हंगामात तो कोंब रोज कापावा लागतो, कमरेत वाकून, सुरीने, एकेक. १९९१ साली अमेरिकेने कायदा केला, की पेरूसारख्या देशांतला माल बिनशुल्क येऊ द्यायचा, म्हणजे तिथले शेतकरी कोकाचं (ज्यापासून कोकेन बनतं ते) पीक सोडून दुसरं काही घेतील. हेतू वाईट नव्हता. पण पेरूची मजुरी इथल्या मजुरीच्या पासंगालाही नव्हती. वीस वर्षांत आपल्याकडची लागवड दहा हजार एकरांच्या खाली गेली. डेटन गावातला अॅस्परॅगस डबाबंद करणारा मोठा कारखाना २००५ साली बंद झाला. तिथे काम करणारी बरीच माणसं जन्माने अमेरिकन होती, मशीनवर, गोदामात, ऑफिसात. कापणाऱ्याचं काम गेलं तेव्हा त्यांचंही गेलं. मजुराला सीमेवर अडवलं म्हणून काम इथे राहतं असं नाही. हाताने करायचं पीक स्वस्त हाताच्या मागे जातं आणि डबा होऊन परत येतं.

'मजूर कमी करा, पगार आपोआप वाढतील,' हेही ऐकायला मिळेल. हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. १९४२ पासून मेक्सिकोतून करारावर मजूर आणायची ब्रासेरो योजना होती, ती १९६४ साली बंद केली, इथल्या मजुरांची मजुरी वाढावी म्हणूनच. मायकल क्लेमेन्स आणि त्यांच्या दोन सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी जुने आकडे तपासले, तर तशी वाढ दिसलीच नाही. जिथे यंत्र होतं तिथे शेतकऱ्यांनी यंत्र आणलं (टोमॅटोचं प्रसिद्ध आहे), जिथे नव्हतं तिथे पीक कमी केलं. ताज्या खायच्या गोड चेरीचं यंत्र अजून कुणाला धड जमलेलं नाही, हे मी पदरचं सांगते.

नवरा कदाचित म्हणेल, शेती म्हणजे राज्याच्या उत्पन्नाचा कितीसा भाग? बोइंग, मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉनपुढे काहीच नाही. बरोबर आहे. पण कॅस्केड पर्वताच्या पलीकडे उतरलं की चित्र बदलतं. याकिमा काउंटीत दर चार नोकऱ्यांमागे एक तरी थेट शेतीतली असते. आणि पर्वताच्या अलीकडच्या बाजूला, टाकोमा-सिअॅटलच्या बंदरात, आशियातून माल घेऊन आलेले कंटेनर रिकामे परत पाठवायचे नसतात. त्यात सफरचंद जातं, गोठवलेल्या फ्रेंच फ्राइज जातात, एलेन्सबर्गचं टिमोथी गवत जातं. जपानच्या शर्यतीच्या घोड्यांना आपल्या राज्याचं गवत लागतं. बंदरावरच्या ज्या क्रेनवाल्याचा पगार ऐकून तुझा नवरा चकित होईल, त्याचीही एक कडी त्या कापणाऱ्याशी जोडलेली आहे.

आता खरी गोष्ट. तुझ्या नवऱ्याचा राग मजुरांवर नाही, रांगेवर आहे. आणि तो रास्त आहे. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. १९९० च्या कायद्याने घातलेली ही चौकट आहे. भारतातून अर्ज करणारे लाखोंनी, म्हणून अकरा वर्षं. याकिमातल्या कुणीही त्याचा नंबर घेतलेला नाही. एच-टू-ए वाला या रांगेत उभाच नसतो, त्या व्हिसातून ग्रीन कार्डकडे जाणारा रस्ताच नाही. सलग तीन वर्षं झाली की त्याला देश सोडावा लागतो. अकुशल कामगारांसाठी सगळ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १० हजार ग्रीन कार्डं आहेत. 'रांगेत उभे राहा' असं ज्याला आपण सांगतो, त्याच्यासाठी खिडकीच जवळजवळ उघडलेली नाही. आणि गायींना बारा महिने दूध असतं, हंगाम नसतो, म्हणून डेअरीवाल्याला तर एच-टू-ए सुद्धा मिळत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये शेतमजुरांना कायदेशीर करायचं विधेयक प्रतिनिधीगृहात पास झालं आणि दोन्ही वेळा सिनेटमध्ये अडकलं.

एक साम्य मात्र त्याला ओळखीचं वाटेल. एच-टू-ए चा मजूर एका मालकाला बांधलेला असतो. मालकाने त्रास दिला, पगारात खोट केली, तरी तोंड उघडायचं की नाही याचा आधी विचार करतो, कारण काम गेलं की व्हिसा गेला. हे मी तुझ्या नवऱ्याला समजावून सांगायची गरज आहे का? अकरा वर्षांत किती वेळा त्याने नोकरी बदलायचं मनात आणून सोडून दिलं असेल, ते तूच जास्त जाणतेस.

मध्ये पडायचं का, हा तुझा दुसरा प्रश्न. पड, पण पंच म्हणून नको. मुलाला एकट्याला बाजूला घे आणि सांग, की सफरचंदाचं वाक्य टाळ्या घेणारं होतं, पण अकरा वर्षं थांबलेल्या माणसाला ते लागतं. माफी मागायला लावू नकोस. त्याऐवजी त्याला सांग, की विरोधाच्या बाजूची तयारी बाबांकडून करून घे. शाळांचा खर्च, सनीसाइडच्या बायका, सोशल सिक्युरिटीची सूट, हे मुद्दे बाबाच नीट मांडतील. ज्याला घरात कुणी ऐकत नाही असं वाटतंय, त्याला मुलगा वही घेऊन समोर बसलेला दिसला, की अर्धं काम झालं. आणि नवऱ्याला डॉलरचे आकडे तू सांगू नकोस. ही माझी चिठ्ठी टेबलावर उघडी ठेव, तो वाचेल.

सप्टेंबरच्या शेवटी एखाद्या शनिवारी तिघं गाडी काढा. आय-९० ने स्नोक्वाल्मी पास ओलांडून जा, एलेन्सबर्गला गवताच्या गंजी बघायला थांबा, तिथून आय-८२ ने याकिमा. रस्त्याकडेच्या फळांच्या दुकानात विचारलंत तर आसपास कुठे तोडणी चालू आहे ते सांगतील. बांधावरूनच बघा, आत शिरू नका आणि फोटो काढू नका. आजकाल अनोळखी गाडी थांबली, की त्या लोकांच्या पोटात गोळा येतो. जेवणाच्या सुटीत कुणी बांधाशी आलं तर बोला. तुझा मुलगा शाळेत स्पॅनिश घेतो का, ते तू लिहिलं नाहीस. घेत असेल तर बोलायचं काम त्याच्याकडे, आणि तो काय बोलतोय ते बाबांना सांगायचं कामही त्याच्याकडेच. निघताना सकाळी सातच्या आत घर सोडा. त्या दिवसांत खिंडीत रस्त्याचं काम असलं, तर दोन तास कुठे गेले ते कळत नाही.